पहाटे उशाशी

“‘शूऽऽ, शूऽऽ, कर माझ्या राजा.’ आई कानाशी अशी वाऱ्यासारखी कुजबुजायची, तेव्हा कुठे मी लहानपणी शू करायचो.”

दवाखान्याच्या बाकावर पेंगुळलेल्या शिंपीणबाईच्या कानात हे बोलणं झिरपलं. शेजारी कंपवाताचे आजोबा होते आणि त्यांची बायको.

“आत्ताच बरी आई आठवली! पुढचा नंबर आपला. लघवीच्या नव्या गोळीचं सगळं डॉक्टरांना सांगायचं हं.”

“सांगेन की. गादी कोरडी, तोंडही कोरडं. एका गोळीनं दोन्ही नळ बंद.”

“चावटपणा पुरे! आणि पहाटे कोणाशी बोलता?”

“घड्याळाशी.”

“घड्याळाला ‘फरशी गार आहे, पाय वर घे’ म्हणता?”

शिंपीणबाईनं डोळे मिटूनच हसू दाबलं.

“या गोळीनं भास झाले तर लगेच कळवा म्हणालेत डॉक्टर. लपवू नका हो. उद्या मलाच ओळखलं नाहीत तर?”

दार उघडलं. “या, आजोबा.”

आजोबा उठले नाहीत.

“आई येते गं. गोळी सुरू झाल्यापासून रोज पहाटे उशाशी बसते, केसांतून हात फिरवते. आत जाऊन सांगितलं, तर ते गोळी बदलतील... मग ती यायची नाही.”