पियानोची शिसवी फळी

खंडाळ्यातल्या पारशी बाईंच्या पियानोचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. सकाळी सुरात लावला की संध्याकाळी तो बेसूर व्हायचा, कारण तारांच्या खुंट्या ज्या फळीत ठोकलेल्या, तीच ओलीनं कुजली होती. मी तारा उतरवून नवी शिसवी फळी बसवायला घेतली. बाई आत गेल्याचं बघून त्यांचे यजमान, शेठ, हळूच जवळ आले.

"मिस्त्री, ही किती टिकेल?"

"शेठ, आपल्या दोघांनंतरही खुंटी ढिली व्हायची नाही."

शेठचा चेहरा उतरला. "जरा कमी टिकणारं लाकूड नाही का?"

फळी शिसवाचीच बसली आणि बाई रोज वाजवू लागल्या. महिन्याभरात शेठनी मला बागेच्या पार टोकाला जाड दाराची खोली बांधायला बोलावलं.

"पियानो हलवताय का?" मी विचारलं.

"बाई कसला हलवू देतात," शेठ म्हणाले. "मीच हलतोय."