गोदाकाकूंचा धोतरा

— विषारी आहे, हे तुम्ही मला सांगताय, सेक्रेटरीबाई? बसा. चपला राहू द्या बाहेर, कोणी नेत नाही, या मजल्यावर येतंय कोण — हां, तर धोतरा. पार्किंगमागचा तो उपटायचं ठरलंय, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे उमटवले, वाचलं मी. मुलं बोंडं खातील म्हणे. अहो, तुमची मुलं घरची भाजी खात नाहीत, ती काटेरी बोंडं खाणार? बरं, मुलांचं हसण्यावारी नाही नेत. म्हणून तर जाळी लावून घेतली, रोज तिथेच खुर्ची टाकून राखण करते. आणि मी कुठे लावलाय? रानटी झुडूप ते, आपलं आपण उगवतं. बोंड तडकलं की बी नीट पसरावं म्हणून मी जरासा हात — म्हणजे वारा असतो हो. डब्यातलं बी वेगळं.

गणपतीच्या पत्रीत धोतरा लागतो, हे तुमच्या हिंजवडीत शिकवत नसतील. वरच्या अभयने पहिल्या वर्षी देवापुढे गाजरगवत ठेवलं होतं. का, तर हिरवं होतं. देव काही बोलला नाही, मलाच राहवलं नाही. तेव्हापासून चतुर्थीला सकाळपासून माझी बेल वाजते — काकू, धोतऱ्याचं पान आहे का, काकू, आघाडा कुठला यातला? मागतात एक पान, पण बसतात. चहा घेतात, ऑफिसातल्या साहेबाच्या नावाने बोटं मोडतात. अभय तर लाडवांचा डबाच रिकामा करून — असो. मंडईत पत्रीच्या तयार जुड्या मिळतात, ठाऊक आहे मला. त्यांना सांगितलं नाही. तुम्हीही बोलू नका. वर्षाचा एक दिवस तो, एरवी बेल वाजते ती कुरिअरवाल्याची, तीही शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्यायला.

अशी बघू नकोस गं. तुला 'तू'च म्हणते आता, नातीच्या वयाची आहेस. चतुर्थी होऊ दे, मग खुशाल उपटा, एवढंच म्हणणं — काय? आज सकाळीच उपटला? मुळासकट?

बरं.

नाही, रागवत नाही. बी आहे डब्यात, पण त्याला पान फुटेपर्यंत गणपती येऊन जातील. तू असं कर श्रद्धा, ग्रुपवर टाक — पत्री मंडईत मिळते, स्वच्छ, जुडी बांधलेली. निघ आता, कंपनीची बस चुकेल तुझी.

दार नको लोटूस. असू दे उघडं.