ठिपक्यांच्या वहीतली सहा तारीख

उर्वशी : मामाजी, ही पहिली दोन पानं कोरी ठेवा म्हणून मी सांगतलं होतं ना तुम्हाले?

उकंडा : कोरं पान काय कामाचं, बाई? चांगला कागद उगाच वाया जाते.

(बाभुळगाव, सकाळचे नऊ. स्टँडमागं उकंडाचं मोटर दुरुस्तीचं दुकान. सून डबा घेऊन आली, अन् डबा बाजूला ठेवून सासऱ्याची वही उघडून बसली.)

उर्वशी : वाया नाही जात. कोणत्या पानावर काय आहे, त्याची यादी करायची असते तिथं. आज तेच करू म्हणून मी लवकर आली.

उकंडा : यादी कायले पाह्यजे? नऊ तारखेले वही चालू केली, आज चोवीस. पंधरा पानं. उलटली का सापडते.

उर्वशी : खुणा त पाठ झाल्या ना?

उकंडा : झाल्या. ठिपका म्हणजे काम कराचं हाय. फुली म्हणजे झालं. बाण म्हणजे उद्यावर ढकललं. आडवी रेघ म्हणजे ते काम आता नकोच. तू व्हिडिओत पाह्यलं तवा नाव बुलेट जर्नल, अन् वही पाह्यली त रांगोळीच्या ठिपक्यांची. पण कामाची हाय, खोटं कायले बोलू.

उर्वशी : मग या पहिल्याच पानावर हे काय आहे? 'सहा तारीख. इंदूबाईची चक्की. मोटर बसवली. अर्थिंगची तार जोडली.' अन् समोर फुली.

उकंडा : काम झालं, फुली मारली.

उर्वशी : वहीच नऊ तारखेले आणली आपण.

उकंडा : डब्यात काय हाय?

उर्वशी : पोहे. सहा तारखेचं हे पान कधी लिहिलं, मामाजी?

उकंडा : आठवलं तवा लिवलं.

उर्वशी : इंदूबाईंले शॉक लागला अकरा तारखेले. त्याच्या आधी लिहिलं का नंतर, एवढंच सांगा.

उकंडा : पोलिसावानी नको विचारू, उर्वशी.

उर्वशी : पोलीस असती त मी तुमच्यासाठी पोहे आणले नसते.

उकंडा : ... नंतर. बारा तारखेले.

उर्वशी : म्हणजे त्यांचा हात जळाल्यावर.

उकंडा : खोटं लिवाले नव्हतो बसलो. आठवाले बसलो होतो. साऱ्या गल्लीत एकच बोलणं, उकंडानं याच आठवड्यात मोटर बसवली, मंग मोटरच्या बॉडीत करंट आला कुठून? मी डोकं धरून बसलो. मोटर खाली घेतलेली आठवते. बेरिंग बदललेलं आठवते. इंदूबाईनं गुळाचा चहा देल्ला, तो आठवते. तारेपाशी आलो का पुढं अंधार. मंग मनात आलं, चाळीस वर्षांत अर्थिंग जोडल्याबिगर मी मोटर चालू केली नाही. म्हणजे जोडलीच असंन. लिवून टाकलं.

उर्वशी : अन् फुली?

उकंडा : फुलीबिगर ते अर्धं दिसत होतं.

उर्वशी : कोणाले दाखवलं हे?

उकंडा : तेरा तारखेले तिचा दीर आलता. 'उकंडाभाऊ, तार जोडली होती का?' म्हणे. मी वही समोर धरली. त्यानं वाचलं, माह्यासमोर हात जोडले, अन् गेला. तवापासून सारे इंदूबाईलेच बोलून राह्यले. ओल्या हातानं बटन दाबलं म्हणते. तिचा नवरा म्हणते, एवढी वर्षं पीठ दळलं अन् एवढी अक्कल नाही आली.

उर्वशी : त्या स्वतःच तसं म्हणतात. काल मी पाहाले गेलती. यवतमाळच्या दवाखान्यातून परवा घरी आणलं त्यांले. दोन बोटं काढली उजव्या हाताची. मले म्हणाल्या, 'माह्याच हात ओले असतीन वं बाई. उकंडाभाऊनं त वहीत लिवून ठेवलं हाय.'

उकंडा : असं म्हणाली?

उर्वशी : हो. अन् मी मान डोलावली, मामाजी. मले काय माहीत. अतुल म्हणत होते, बाबाले आता काही आठवत नाही, दुकान बंद करा, एखाद्याचा जीव जाईन. मी भांडली त्यांच्याशी. म्हटलं, एक महिना द्या, मी वही लावून देते. हे चक्कीचं झालं तवा मीच छाती काढून सांगत फिरली, पाहा, वही होती म्हणून माह्या सासऱ्यावरचा आळ गेला. पान मी पाह्यलं नव्हतं. तुम्ही सांगतलं तेवढ्यावर.

उकंडा : तुले काही बोल नाही लागू देणार मी.

उर्वशी : लागला ना आता. नऊ तारखेपासूनच्या फुल्या तरी खऱ्या आहेत का?

उकंडा : त्या साऱ्या खऱ्या. तू सांगतलं तसं केलं. टेस्टर लावला, पाह्यलं, अन् हातातलं ग्रीस न पुसता फुली मारली. पाह्य, पानावर डाग हायेत. खरंच सांगतो, वहीनं मले चालवलं. एक मोटर चुकली नाही.

उर्वशी : अन् या पानावर डाग नाही.

उकंडा : नाही. घरी बसून लिवलं, खाटेवर.

उर्वशी : मामाजी, आता आठवते का? खरं सांगा.

उकंडा : तेच त मोठं कठीण होऊन बसलं. रोज उघडून वाचतो. आता डोळे मिटले का मले दिसते, मी चक्कीमागं वाकलो, हिरवी तार हातात, पान्यानं नट कसून राह्यलो. साफ दिसते. पण ते सहा तारखेचं दिसते का बारा तारखेले लिवलेलं दिसते, हे मले समजत नाही. डोक्यावर भरवसा नव्हता म्हणून वही घेतली. आता वहीनं डोक्यात खोटं भरलं का खरं, कोणाले विचारू?

उर्वशी : कोणी पाह्यलं असंन ना? चक्की उघडून?

उकंडा : शॉक लागला त्याच दिवशी दिरानं साऱ्या तारा तोडून फेकल्या, रागात. पाह्याले काही उरलं नाही.

उर्वशी : अन् हे काय? बारा तारखेपासून रोज एकच ओळ. 'इंदूबाईले भेटणं.' बाण. 'इंदूबाईले भेटणं.' बाण. कालपर्यंत बाणच बाण.

उकंडा : तूच म्हणाली होती, तीनदा ढकललं का एक त करून टाका, नाही त रेघ मारा. रेघ माराले पेन घेत होतो. हात चालत नव्हता.

उर्वशी : मनात काय येते सांगू? हे पान फाडावं. कोणाले माहीत नाही. दिरानं वाचलं ते वाचलं. दुकान चालू राहीन, अतुल गप्प राह्यतीन.

उकंडा : फाड मंग.

उर्वशी : नाही फाडू शकत मी.

उकंडा : म्हणूनच तुह्या हातात राहू देल्ली. दुसऱ्या कोणी उघडली असती त हे पान फाडाले लावलं असतं मी.

उर्वशी : अतुलले समजलं त शटर उघडू देणार नाहीत. तुमची वही नंतर कितीही खरी असो.

उकंडा : माहीत हाय. सारं आयुष्य इथं बसलो, बाई. सकाळी उठून दुसरं कुठं जाऊ, हे मले येतच नाही. भेव वाटते. पण इंदूबाई दोन बोटं गेल्यावर माह्यावरचं आपल्या डोक्यावर घेऊन बसली, ते मले जेवू देत नाही. ... 'आठवत नाही' याची काही खूण हाय का तुह्या त्या व्हिडिओत?

उर्वशी : नाही. केलं, नाही केलं, ढकललं, सोडलं. एवढ्याच.

उकंडा : मंग काय करू?

उर्वशी : सरळ लिहा. खुणेबिगर.

उकंडा : दे पेन. ... 'सहा तारीख. अर्थिंग जोडली का नाही, मले आठवत नाही. वरची फुली बारा तारखेले मारली. इंदूबाईचा दोष धरू नये.' बरोबर हाय?

उर्वशी : खाली नाव लिहा तुमचं.

उकंडा : लिवलं. शटर पाड आता. किल्ली तुह्यापाशीच ठेव, संध्याकाळी अतुलले दे.

उर्वशी : मामाजी, ते मी सांगते त्यांले. तुम्ही इंदूबाईंकडे उद्या गेले तरी चालीन. आज पोहे खा.

उकंडा : उद्या हे ध्यानात राहीन का, ते मले माहीत नाही. आताच चाल. वही तू धर. तिच्या दारात उभा राह्यलो अन् काहून आलो हे विसरलो, त तू वाचजो. पुरं वाचजो.