लोकरीचे मोजे

सदाशिव पेठेत मुलांच्या डॉक्टरांकडे आमचा नंबर यायचा होता. एक सून दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आतून आली, त्याला खाली ठेवलं आणि सासूबाईंशेजारी बाकावर टेकली.

“आत यायचा धीरच झाला नाही गं मला. पाय कमजोर आहेत का त्याचे?”

“नाही हो आई. डॉक्टरांनी मोजे काढले आणि हा टेबलापर्यंत चालत गेला.”

“चालत? आपला गंधार?”

“कुणी न धरता. म्हणाले, गुळगुळीत फरशीवर लोकरीचे मोजे घालून मीसुद्धा उभा राहणार नाही.”

“म्हणजे दोष माझ्या मोज्यांचा!”

“फरशी बाबांनी निवडली होती.”

“हो ना! ह्यांना आरशासारखी हवी होती. बसा म्हणावं आता तोंड बघत.”

“आई, रडताय कशाला?”

“रोज तेल चोळायचे गं पायांना. पुसलं जाऊ नये म्हणून वर मोजे घालायचे.”

“ते नाही सांगितलं मी डॉक्टरांना.”

“बरं केलंस. अगं, गंधार कुठाय?”

“अगंबाई, दाराकडे निघालाय!”

“जा, दार लावून घे. पण उचलू नकोस त्याला. मला बघू दे.”