हकिमाला दिलेल्या तोफा

काबूलच्या बाजारात नानबाईच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, तंदुरापुढे रांग होती. माझ्या पुढे म्हातारे सुलेमानकाका आणि खालिकदाद शिंपी उभे होते.

"काका, तो निळ्या फेट्याचा हकीम आज पेशावरला निघाला."

"हकीम कसला! नाडी कोपरावर बघतो. फिरंग्यांचा हेर आहे तो, सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

"मग तसं त्याला बोललात का कधी?"

"पाहुण्याला तोंडावर कसं बोलायचं रे?"

"तेच तर! माझ्याकडे चहाला बसला आणि खबर मागू लागला. दारी आलेल्याला रिकामं कसं पाठवणार? दिली एक."

"काय दिलीस?"

"डोंगरात तोफा लपवल्यात म्हणून. इतका खूश झाला, मला मिठीच मारली."

"वा! कुठल्या डोंगरात?"

"तोंडात आलं ते नाव घेतलं. तगाब."

"अरे गाढवा, माझी लेक जरमीना तिथेच दिली आहे! फिरंगी तिथे फौज धाडतील. जा, खोटं होतं म्हणून सांग."

"आता पटायचं नाही त्याला. उलट वाटेल, आपण तोफा झाकतोय."

"मग तिथून हलवल्या म्हण."

"कुठे?"

"आमच्या गावाचं नाव घेशील तर याद राख!" तंदुरामागून नानबाई ओरडला.

"तुझ्या गावी हलव, खालिकदाद."

"काका, तिथे माझी आई आहे!"

"हो ना? मग त्याचा काफिला वेशीवरून निघायच्या आत त्या तोफा नदीत बुडव. पळ!"

"सगळ्या बुडवू? दोन-चार तरी ठेवतो, काका. बिचारा किती लांबून आलाय."