भुयारातलं बंद दार

कॉम्प्युटरचा खेळ घ्यायचा तर आमच्या वेळी चौकशी कशी व्हायची, ते ऐका. जावयानं परदेशातून आणलेला कॉम्प्युटर माझ्या टीव्हीला जोडला होता. सीताबर्डीतला दुकानदार खेळाची कॅसेट दाखवत होता. आपण योद्धा व्हायचं, भुयारात उतरायचं, मेलो की पुन्हा पहिल्यापासून.

"यात बिघाड आहेत म्हणतात?"

"आहेत ना साहेब. पण कठीण कुठं अन् बिघडलेला कुठं, हे कोणालेच समजत नाही. सक्करदऱ्याच्या बापूरावाइले विचारा, त्यायनं नेला आहे."

बापूराव म्हणजे निवृत्त होईपर्यंत कचेरीत माझ्या शेजारी बसायचा तो. त्याच्या घरी गेलो, तर दाढी वाढलेली आणि टीव्हीवर त्याचा योद्धा एका दारासमोर उभा.

"दिवाळीपासून इथंच आहो गा. चाव्या लावल्या, मंत्र मारले, मरून पाह्यलं. उघडतच नाही. गेमच खराब आहे."

आतून वहिनी म्हणाल्या, "गेमले काही झालं नाही भाऊजी. ह्यायलेच जमत नाही."

बापूराव माझ्या कानाशी आला. "ऐकलं? तू घेच."

"मले काहून फसवून राहिला?"

"तुयं दारही नाही उघडलं, त मी खरा तरी ठरीन."

त्याचा चेहरा पाहून मी घेतला. होळीच्या सुमारास माझा योद्धा त्याच दाराशी पोचला. बापूराव खास पाहायला आला. मी बटण दाबलं आणि दार उघडलं.

बापूराव तडक उठला. चपला घालताना हळूच म्हणाला, "तुया वहिनीनं विचारलं, त नाही उघडलं म्हणून सांगजो."