अंबाड्यावरची खाच

...आणि वर मलाच विचारतात, "पण तुम्ही बघितलंतच कशाला?" अहो, कशाला म्हणजे? जुनी पाकिटं जमवणारा माणूस मी, पाकीट समोर आल्यावर काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसू? माणसानं बघायचंसुद्धा नाही का?

तुम्हाला सांगतो, साधीसुधी पाकिटं नव्हेत ही! दीडशे वर्षांपूर्वीची! तिकीट चिकटवायची भानगडच नाही, पाकिटावरच छापलेलं, निळा लंबगोल आणि त्यात एका बाईचा चेहरा, आणि चेहरा कसा... तर कोऱ्या कागदातूनच वर उठून आलेला! मागच्या बाजूनं अंगठा फिरवायचा, खळगा लागला तर अस्सल, नाही लागला तर गुपचूप घरी जायचं. आणि आमच्यात मान कशाला? तर चुकीला! कुठे रंग विरलाय, कुठे बाई लंबगोल सोडून बाहेर निघालीय... छापणाऱ्यानं तेव्हा घोटाळा केला की आम्ही आज इकडे नाचतो. आमच्या मंडळाची तर अशा दोषांची छापील यादी आहे, आणि जो नवा दोष शोधेल त्याचं नाव त्या दोषाला! आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरचं लागलं, परवा परवा आलेल्या घड्याळवाल्याचं लागलं, आणि मी? एकवीस वर्षं नुसता चहाला! खोटं कशाला बोलू, फार झोंबायचं हो.

तर हिनं वाढदिवसाला मला नवं भिंग दिलं. पितळी, तीन पायांचं, वजनदार! मी लगेच पाकीट टेबलावर घेतलं, वर भिंग ठेवलं, बाईचं नाक बरोब्बर मधोमध आणलं, हलू नये म्हणून वरून चांगलं दाबून धरलं आणि पाच मिनिटं बघितलं. मग भिंग उचलून पाकीट खिडकीपाशी तिरपं धरलं... आणि काय सांगू! बाईच्या अंबाड्यावर खाच! गव्हाच्या दाण्याएवढी! दुसरं पाकीट घेतलं, बघितलं, खाच! तिसरं, खाच! घरातल्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अंबाड्यांवर, त्याच जागी! अंगावर काटा आला माझ्या. एकावर असती तर म्हटलं असतं कागद खराब, पण सगळ्यांवर म्हणजे साच्यातच खोट!

ही म्हणाली, "इतकी वर्षं कशी दिसली नाही हो?" म्हटलं, "इतकी वर्षं तू चांगलं भिंग कुठं दिलं होतंस?"

धावत अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे नाकातून बोलणारे. "हंऽऽ... ही सगळी तुमच्याच कपाटातली. दुसऱ्या घरातली आणा, मग लावू नाव."

आता दुसरं घर कुठून आणू? तर आतेसासूबाईंकडे त्यांच्या पणजोबांच्या पत्रांचा डबा निघाला, अकरा पाकिटं! म्हणाल्या, "बघा हो जावईबापू, पण आतलं वाचायचं नाही, घरातली भांडणं आहेत त्यात!" अहो, एकवीस वर्षांत मी एक पत्र वाचलं असेल तर शपथ! आम्हाला आतल्याशी काय करायचंय? बसलो तिथंच. भिंग ठेवलं, नाक मधोमध, दाबलं, उचललं... अकराच्या अकरा! आतेसासूबाईंना मिठीच मारणार होतो, कसंबसं आवरलं.

मग मंडळाची सभा. सगळे जमलेले, माझं भाषण तयार, आणि अध्यक्षांनी आपलं स्वतःचं पाकीट काढलं. चिमट्यानं, श्वास रोखून! "हंऽऽ... माझ्या बाईचा अंबाडा तर चांगला गुळगुळीत आहे." सगळे हसले. एकवीस वर्षांनी माझी वेळ आली होती हो, आणि हे हसतायत! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "असं लांबून काय दिसणार? आणा इकडे!" आणि अध्यक्ष "अहो, अहो" म्हणेपर्यंत भिंग ठेवलं, नाक मधोमध, कचकन दाबलं, उचललं... "ही बघा खाच!"

टाळ्या? एक नाही! दातांच्या डॉक्टरनं माझं भिंग हळूच उलटं केलं, एकेका पायाखालून बोट फिरवलं, आणि तिसऱ्या पायाशी थांबला. म्हणाला, "इथे सुळका आहे." अहो, पितळेचा एवढासा टोकदार सुळका! नाक मधोमध आलं की तो पाय बरोब्बर अंबाड्यावर!

अध्यक्ष नाकातून बोलायचं विसरले. "चाळीस वर्षं," म्हणाले, "चाळीस वर्षं मी तिला वारा लागू दिला नाही हो..." घरी आलो तर ही म्हणाली, "भिंग बघायला दिलं होतं, खिळा ठोकायला नाही!" आतेसासूबाई तर फोनवरच, "अगं बाई, म्हणजे पणजोबांची पाकिटं तुम्ही चेपलीत?" आणि मग सगळ्यांचं तेच, बघितलंतच कशाला! अहो, माणसानं बघायचंसुद्धा नाही का?

पण मंडळ नियमाला पक्कं हं. महिन्याभरात नवी यादी घरी आली. दारातच उभ्याउभ्या उघडली, तर शेवटच्या पानावर माझं नाव! आडनावासकट, ठळक अक्षरात! खाली लिहिलंय, "अंबाड्यावरची खाच. हा छपाईचा दोष नव्हे. जिथे आढळेल तिथे समजावे, की हे पाकीट या गृहस्थांनी बघितलेले आहे."

असू दे. बाकी कुणाच्या दोषाचे तीन-चारच्या वर नमुने नाहीत म्हणे... माझे त्रेपन्न आहेत.